तिशीत ठोका चुकला, तर घराण्याची चौकशी करा

नागपुरात तिशी-पस्तिशीतला धडधाकट माणूस जिममध्ये, वरातीत किंवा झोपेत गेला, की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर निकाल लागलेला असतो. कोणी टेन्शनला दोष देतो, कोणी खर्ऱ्याला, आणि एक जण तरी ‘ते इंजेक्शन घेतलं तेव्हापासूनच’ म्हणून मान हलवतो. इंजेक्शनचा प्रश्न अभ्यासाने बराचसा निकाली काढला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ च्या मे ते ऑगस्टमध्ये १९ राज्यांतल्या ४७ मोठ्या रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक झालेल्या, कारण न सापडलेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. ७२९ मृत्यू, आणि त्यांच्याशी ताडून पाहायला २,९१६ जिवंत माणसे. कोविडच्या लसीने धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, शेवटच्या दोन दिवसांत ढोसलेली बेसुमार दारू, एकदम केलेले जबर श्रम. त्यांच्याच रांगेत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे बातम्यांनी फारसे पाहिले नाही. घरात पूर्वी कोणाचा तरी असाच अचानक मृत्यू झालेला असेल, तर धोका सुमारे अडीच पट होता. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समध्ये चालू असलेल्या अभ्यासाचा हवाला देऊन सांगितले, की कारण न सापडलेल्या बहुतेक मृत्यूंत जनुकीय बदल हे संभाव्य कारण दिसते. तो अभ्यास तेव्हा पुरा व्हायचा होता, म्हणून हे वाक्य जपूनच घ्यावे. तरी बोट घराण्याकडे वळते आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

माणूस गेल्यावर घराण्याचा शोध घेण्यात त्याच्यापुरता काही अर्थ उरत नाही. जिवंतपणी हा शोध घेता येईल अशी एक जागा मात्र रोज आपल्या ओपीडीतून निसटते. पस्तिशीचा तरुण किंवा तरुणी छातीत धडधड होते म्हणून येते. ईसीजी काढला जातो. त्या गुलाबी चौकटीच्या पट्टीवर एरवी प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटा उंचवटा असतो. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावल्याची ती खूण. इथे तो उंचवटा गायब असतो, त्याच्या जागी बारीक थरथर असते, आणि दोन टोकांमधले अंतर कधी तीन चौकोन, कधी पाच, कधी दोन. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते फडफडत आहेत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी ‘एएफ’. सत्तरीतल्या माणसात हा रोजचाच आजार आहे. रक्तदाब, मधुमेह आणि वय यांनी थकलेल्या हृदयात तो येतोच. तिशीत त्याला यायला कारण लागते. मग आपल्याकडे काय होते? थायरॉइड तपासतात, दारूबद्दल विचारतात, टूडी इको करतात. सगळे नॉर्मल आले, तर औषधाने किंवा शॉक देऊन लय परत आणतात, परवडत असेल तर ॲब्लेशन, म्हणजे लय बिघडवणारी जागा नळीवाटे निकामी करणे, करतात आणि फाइल बंद होते. केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात बहुधा ‘विशेष नाही’ असे लिहिलेले असते. ते उत्तर रुग्णाने विचारपूर्वक दिलेले क्वचितच असते. घाईच्या ओपीडीत तो रकाना भरण्याची ती एक रीत आहे.

माझे म्हणणे त्या रकान्यापुरतेच आहे. पंचेचाळिशीच्या आत, दिसणारे कारण नसताना एएफ झाला, तर ‘एएफ’ हे निदान मानून थांबू नये. ते एखाद्या आनुवंशिक हृदयविकाराचे पहिले लक्षण असू शकते, आणि ते तसे आहे का हे पाहणे उपचाराचाच भाग धरावा. यासाठी लगेच महागडी चाचणी लागत नाही. तीन पिढ्यांची नीट चौकशी, लय परत आल्यावर काढलेला ईसीजी आणि मनात ही शंका ठेवून केलेला इको, एवढ्यावर सुरुवात होते.

हा विचार नवा नाही. १९४३ मध्ये अमेरिकी डॉक्टर लुई वुल्फ यांनी एकाच घरातल्या तीन भावांना एएफ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट या विकारामुळे पाठ असते, पण तीन भावांची ही नोंद कित्येक दशके कुतूहलाचा विषय म्हणून बाजूला राहिली. २००३ मध्ये चीनमधल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांत एएफसोबत चालत आलेला जनुकीय दोष सापडला. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, केसीएनक्यू-१ या जनुकाचा तो दोष होता. तेव्हा वाटले, की एएफ आनुवंशिक असेल तर तो विद्युतप्रवाहाच्या वाटांचाच असणार. पुढच्या वर्षांत चित्र पालटले. २०१८ मध्ये लहान वयात एएफ झालेल्या हजारो लोकांची जनुके वाचली गेली, तेव्हा ठळकपणे पुढे आले ते टायटिन. हे शरीरातले सर्वांत मोठे प्रथिन. स्नायूच्या तंतूला लवचीकपणा देणारे. ते अर्धवट बनवणारे बदल साधारण लोकसंख्येत शंभरात एकाला होते, एएफच्या या गटात शंभरात दोघांना, आणि तिशीच्या आत एएफ झालेल्यांत शंभरात सहा-सात जणांना. वय जितके कमी, तितका जनुकाचा वाटा जास्त. याचा अर्थ असा, की काही तरुणांत एएफ ही निव्वळ विजेची गडबड नसते. हृदयाच्या स्नायूचा आजार वरच्या पातळ कप्प्यांत आधी बोलू लागतो, खालच्या जाड कप्प्यांत तो काही वर्षांनी दिसतो.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये याच प्रश्नावर सरळ मोजणी केली. ६६ वर्षांच्या आत एएफचे निदान झालेले १,२९३ रुग्ण घेतले आणि स्नायूच्या व लयीच्या आनुवंशिक विकारांशी संबंधित जनुके तपासली. दहा टक्क्यांहून किंचित अधिक रुग्णांत आजार घडवणारा बदल सापडला. तिशीच्या आत निदान झालेल्यांत हे प्रमाण जवळपास १७ टक्के, साठीनंतर निदान झालेल्यांत सात. सापडलेले बदल बहुतेक स्नायूच्या जनुकांतले होते, लयीच्या जनुकांतले थोडे. पुढच्या वर्षी त्याच गटाने दाखवले, की असा बदल असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतर एएफ रुग्णांच्या सुमारे दीडपट होता, आणि निदान जितक्या कमी वयात तितका हा फरक जास्त. २०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच एक सावध वाक्य आले: ४५ च्या आत, उघड कारण नसताना एएफ झाला, तर जनुकीय समुपदेशन, चाचणी आणि स्नायूविकारासाठी नियमित देखरेख यांचा विचार करता येईल. ‘करावाच’ असे नाही, ‘करता येईल’. पुराव्याची ताकद सध्या तेवढीच आहे, आणि मी ती फुगवणार नाही.

यावर नागपुरातला कोणताही अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ पहिला आक्षेप घेईल तो असा, की ही अमेरिकेची दुखणी आहेत. आपल्याकडे तरुण वयातला एएफ म्हणजे झडप. आक्षेप खरा आहे. इंडियन हार्ट रिदम सोसायटीच्या नोंदवहीत देशभरातल्या दीड हजारावर एएफ रुग्णांचे सरासरी वय ५५ च्या आसपास निघाले, पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरेच कमी, आणि जवळपास निम्म्यांना संधिज्वरामुळे झडपेचा आजार होता. दुसऱ्या एका जागतिक नोंदवहीत हेच प्रमाण भारतात ३१ टक्क्यांवर आणि उत्तर अमेरिकेत जेमतेम दोन टक्के होते. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात गडचिरोलीहून, भंडाऱ्याहून, बालाघाटहून आलेली तिशीतली बाई एएफमध्ये असेल, तर डॉक्टरने आधी मायट्रल झडपच पाहिली पाहिजे. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, आणि पेनिसिलिन वेळेवर मिळाले नाही म्हणून खराब झालेली ती झडप असते. तो आजार टाळता येणारा आहे आणि सरकारी पैसा आधी तिकडे जावा, हेही मला मान्य आहे. पण या आक्षेपातून माझ्या म्हणण्याला बाध येत नाही, कारण झडप इकोवर दिसते. प्रश्न झडप चांगली असलेल्या उरलेल्या तरुणांचा आहे, आणि ते थोडेथोडके नाहीत. झडप चांगली म्हणून हृदय चांगले, हा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो.

शिवाय स्नायूच्या आनुवंशिक विकारांत आपण अमेरिकेपेक्षा सुखी आहोत असे मानायला आधार नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या कुमारसामी थंगराज यांनी, पेरुन्दुराई धंडपाणी आणि इतर सहकाऱ्यांसह, एमवायबीपीसी-३ या जनुकातला २५ अक्षरांचा तुटवडा भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे दाखवले. पंचवीस माणसांत एक. हृदयस्नायूचा विकार असलेल्यांत तो कितीतरी अधिक सापडला. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘भारतीयांच्या हृदयाचा शाप’ अशा थाटात त्या बातम्या दिल्या. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवरच्या अभ्यासाने त्यात सुधारणा केली: हा तुटवडा असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही; त्यांच्यापैकी दहातल्या साधारण एकाला त्याच जनुकात आणखी एक बदल असतो आणि खरी खोड बहुधा त्या जोडीत आहे. ही सुधारणा मी मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. आपल्या लोकसंख्येचे स्वतःचे असे जनुकीय ओझे आहे, आणि नुसता बदल सापडला म्हणून घाबरायचे कारण नाही. स्नायू जाड होण्याचा विकार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, जगभरात सुमारे पाचशेत एकाला असतो आणि त्यातल्या पाचातल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी एएफ होतो. विदर्भाची लोकसंख्या घेऊन हा हिशेब ज्याने त्याने मांडून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. जनुक कळून उपचारात काय फरक पडणार? गोळी तीच, शॉक तोच. तर फरक पडतो, आणि काही वेळा त्याच रात्री पडतो. रात्री दोन वाजता अपघात विभागात तिशीतला मुलगा दोनशेच्या गतीची, अनियमित, रुंद ठोक्यांची लय घेऊन येतो. हृदयात विजेची एक आडवाट जन्मापासून असेल, तर नाडी कमी करायला दिलेले व्हेरापामिलचे इंजेक्शन किंवा डिगॉक्सिन तीच आडवाट मोकळी करून हृदय बंद पाडू शकते. ही आडवाट बहुतेक वेळा आनुवंशिक नसते, पण काही घराण्यांत ती स्नायूच्या विकारासोबत वारशाने येते. लय परत आल्यावर काढलेल्या ईसीजीत ती दिसते, फक्त तो काढायला आणि पाहायला हवा. डिस्चार्जच्या घाईत नेमका हाच कागद राहतो. फ्लेकेनाइडचेही तसेच. निरोगी हृदयातल्या एएफवर ते उत्तम औषध आहे. १९८९ मध्ये मात्र एका मोठ्या चाचणीत ते आणि त्याच्या जातीचे दुसरे औषध हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना दिले तेव्हा मृत्यू वाढले, आणि तेव्हापासून खराब स्नायू असलेल्या हृदयात ते टाळतात. ब्रुगाडा हा १९९२ मध्ये वर्णिलेला आनुवंशिक विकार असेल तर ते धोक्याचेच आहे. या विकारातही पहिली तक्रार कधी कधी एएफचीच असते. ‘इको नॉर्मल आहे, फ्लेकेनाइड चालेल’ हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे.

रक्त पातळ करायच्या गोळीचा प्रश्न तर रोजचा. एएफमध्ये गुठळी होऊन लकवा होण्याचा धोका मोजायला डॉक्टर गुण मांडतात: वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा झटका वगैरे. बत्तीस वर्षांच्या मुलाचे गुण शून्य येतात आणि गोळीची गरज नाही असे ठरते. त्याला स्नायू जाड होण्याचा विकार असेल तर मात्र हा गुणांचा हिशेब लागूच होत नाही. गुण शून्य असले तरी गोळी द्यायची, असे मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. म्हणजे निदान चुकले तर गोळी चुकते आणि ऐन उमेदीत अर्धे अंग जाते. लॅमिन या जनुकाचा दोष आणखी फसवा. त्यात आधी विजेच्या वाटा बिघडतात, एएफ होतो, नाडी मंद होते. स्नायू ढिला पडायला पुढे काही वर्षे लागतात, आणि त्या मधल्या काळात इको चांगला दिसत असतानाही खालच्या कप्प्यांची जीवघेणी लय येऊ शकते. अशा रुग्णाला पेसमेकर बसवायची वेळ आली, तर साध्या पेसमेकरऐवजी शॉक देणारे यंत्र बसवण्याचा विचार करावा लागतो. यंत्राची ऑर्डर देण्याआधी हे माहीत असले तर उपयोग. आणि या सगळ्याच्या पलीकडे रुग्णाची भावंडे आहेत. यातले बहुतेक विकार आई किंवा वडील, एकाकडूनच येतात आणि प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. एएफ घेऊन आलेला भाऊ वाचला. ज्याला काहीच होत नाही आणि जो पोलीस भरतीसाठी रोज सकाळी मैदानावर धावतो आहे, त्या धाकट्याचे काय, हा प्रश्न कार्डिॲक ओपीडीत विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

तिसरा आक्षेप विज्ञानातूनच येतो आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. व्हँडरबिल्टच्या त्याच अभ्यासात दहा टक्क्यांत ठाम उत्तर मिळाले, पण ६२ टक्क्यांहून अधिक लोकांत अर्थ न लागलेला काहीतरी बदल सापडला. रुग्णाच्या हातात कागद येतो, त्यावर जनुकाचे भारदस्त नाव आणि पुढे ‘अर्थ अनिश्चित’. असा कागद घेऊन माणूस रामदासपेठेतून धंतोलीत आणि धंतोलीतून पुण्या-मुंबईला फिरतो. शिवाय व्हँडरबिल्टच्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण गोरे होते. ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते जनुकांचे साठेही प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे. त्यामुळे आपल्याकडे साधा, निरुपद्रवी बदलही अनोळखी म्हणून संशयित ठरू शकतो. जिनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, त्याने ही अडचण हळूहळू कमी होईल, एका रात्रीत नाही. टायटिनचा तुटका बदल तर शंभरातल्या एका निरोगी माणसातही असतो. म्हणून सरसकट चाचणीला माझा विरोध आहे, आणि धडधडीच्या प्रत्येक तक्रारीवर शंभर जनुकांचे पॅनेल लिहून देणारी प्रयोगशाळांची जाहिरातबाजी मला उपद्रवी वाटते. चाचणी शेवटी यावी. आधी घराण्याची चौकशी, ईसीजी, इको, गरज वाटली तर हृदयाचा एमआरआय. त्यातून संशय बळावला तर चाचणी, आणि तीही निकालाचा अर्थ समोर बसून सांगणारा माणूस असेल तरच. एकदा घरात ठाम दोष सापडला, की बाकीच्या नातेवाइकांत फक्त तेवढाच शोधायचा असतो. ते काम सोपे आणि पुष्कळ स्वस्त.

घराण्याच्या चौकशीत नेमके काय विचारायचे, हेही सांगायला हवे, कारण ‘घरात कोणाला हृदयरोग आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. लोकांच्या लेखी हृदयरोग म्हणजे ब्लॉकेज. त्याऐवजी विचारावे: चाळिशीच्या आत कोणी झोपेत गेले का? कोणाला ‘हार्टफेल’ झाला म्हणाले होते का, आणि तेव्हा वय काय होते? पट्टीचा पोहणारा कोणी विहिरीत किंवा तलावात बुडाला का? कोणाला मिरगी म्हणून गोळ्या चालू होत्या आणि तरी झटके थांबले नाहीत, असे होते का? पन्नाशीच्या आत कोणाला मशीन बसवले? कोणाचे ‘हृदय मोठे झाले’ होते? लहान मूल कारण न कळता गेले का? हे प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारून भागत नाही. आत्या, मावशी किंवा आजी सोबत असेल तर दहा मिनिटांत वंशावळ उभी राहते. घराण्याची खरी नोंदवही आपल्याकडे बायकांच्या स्मरणात असते, आणि ओपीडीच्या दारावर ‘रुग्णासोबत फक्त एक व्यक्ती’ अशी पाटी असते.

राहिला समाजाचा आक्षेप: असा कागद हाती आला तर पोरीचे लग्न कसे होणार, विमा कोण देणार. विम्याची भीती काही अंशी जुनी आहे. स्नायू जाड होण्याच्या याच विकाराच्या रुग्णाचा दावा ‘आनुवंशिक आजार’ म्हणून नाकारला गेला, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे सरसकट वगळणे भेदभावाचे ठरवले, आणि त्यानंतर विमा नियामकाने केवळ आनुवंशिक आजार या कारणावर आरोग्यविम्याचे दावे नाकारू नका असे कंपन्यांना बजावले. आयुर्विम्याचा आणि नोकरीचा प्रश्न तरीही उरतो. जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि तो व्हायला हवा. लग्नाच्या बाबतीत मात्र विदर्भाने दुसऱ्या एका आजारात हा रस्ता आधीच चालून पाहिला आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शुक्ला, सोळंकी आणि परांडे यांनी ‘ब्लड’ या अमेरिकी नियतकालिकात भारतातल्या सिकलसेलवर लेख लिहिला. तेव्हापासून आजवर या भागात सिकलसेलचा शोध प्रयोगशाळेतून शाळेत, आश्रमशाळेत आणि आशा सेविकेच्या पिशवीत गेला. वाहक आणि रुग्ण यांतला फरक गावोगाव समजावला गेला. त्यात लग्ने मोडली, मुलींनाच जास्त सोसावे लागले, हे खरे आहे. तरीही गुप्त ठेवण्यापेक्षा आधी सांगणे बरे, हे अनेक घरांनी स्वीकारले. दोन्ही आजारांत फरक आहे: सिकलसेलचा रुग्ण व्हायला दोन्हीकडून दोष लागतो, हृदयाच्या या विकारांत एकाकडूनही पुरतो. म्हणून इथे पत्रिका जुळवण्याचा प्रश्न फारसा येतच नाही. प्रश्न आपल्याच रक्ताच्या माणसांची तपासणी करण्याचा येतो. एका अर्थी हे सांगणे सोपे आहे, कारण बहुतेकांना सांगता येते की गोळी आहे, यंत्र आहे, वर्षाला एक इको आहे.

नागपुरात हे कुठे करायचे? मिहानमधले एम्स आहे, मेडिकलचे सुपर स्पेशालिटी आहे, वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. केंद्राच्या ‘उम्मीद’ उपक्रमात गरोदर स्त्रिया आणि नवजात बालकांच्या आनुवंशिक तपासणीसाठी निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत आपले वाशिम होते, म्हणजे सरकारला ही भाषा परकी नाही. नवी इमारत लागत नाही. आठवड्यातून एक दुपार, एक हृदयरोगतज्ज्ञ, एक जनुकशास्त्राची जाण असलेला डॉक्टर आणि वंशावळ काढायला शिकवलेली एक परिचारिका किंवा समाजसेवा अधीक्षक एवढे पुरे. अडचण पैशाच्या रचनेची आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रिया आणि दाखल उपचारांच्या पॅकेजांभोवती बांधलेली आहे. खासगीत ॲब्लेशनचे बिल होते. अर्धा तास बसून आजीशी बोलण्याचे ना पॅकेज आहे ना बिल, आणि ज्या कामाचे बिल होत नाही ते आपल्या आरोग्यव्यवस्थेत कोणाचेच काम नसते. सिकलसेलच्या समुपदेशनासाठी जशी माणसे नेमली गेली, तशीच त्यांच्याच कामात ही भर घालता येईल. निदान विदर्भात तरी ती माणसे तयार आहेत.

आणि जो वाचला नाही त्याच्यासाठी शवविच्छेदनाचे टेबल आहे. तरुण माणूस अचानक गेला, की मेडिकलला किंवा मेयोला शवविच्छेदन होते, हृदयाच्या वाहिन्या मोकळ्या सापडतात, विषाचा संशय फेडायला व्हिसेरा राखून ठेवतात, अहवाल महिन्यांनी येतो आणि त्यात कारण मिळाले नाही असे लिहिलेले असते. त्याच वेळी जांभळ्या टोपणाच्या कुपीत पाच मिलिलिटर रक्त बाजूला काढून गोठवले, तर पुढे त्याच्या भावाची किंवा मुलीची तपासणी करताना जनुक कुठे शोधायचे ते कळते. कुपीला खर्च जवळपास काही नाही. तिच्यावर लेबल कोणी लावायचे, ती कोणाच्या फ्रीजमध्ये राहील, आणि तेराव्यानंतर घरच्यांना फोन करून ‘बाकीच्यांचा ईसीजी काढून घ्या’ हे कोणी सांगायचे, एवढे तीन मुद्दे अधिष्ठात्यांच्या एका पानी परिपत्रकात बसतात.